सात फेरे, बोटभर सैल

अहो, मंडळाच्या स्मरणिकेसाठी तुमच्यावर लिहून द्या म्हणून चिटणीस दोनदा येऊन गेले. जाताना एक छापील कागद ठेवून गेले. जन्मगाव, शिक्षण, नोकरी, मंडळातलं कार्य असे त्यात रकाने आहेत. 'कार्य' या रकान्यापाशी माझं पेन अडलं. गावाच्या मंडळात तुम्ही एकच काम मनापासून केलंत, ते म्हणजे सभा चालू असताना स्टुलावर चढून हॉलचा पंखा दुरुस्त करणं. अध्यक्षांचं भाषण तुमच्या हातोडीनं किती वेळा थांबलं, ते काही रकान्यात मावणारं नाही. तेव्हा कागद ठेवला बाजूला आणि बसले आपली तुमच्याशी बोलत. छापायचं असेल तर हेच छापतील, नाहीतर राहील माझ्यापाशी.

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. पाणी सकाळीच येतं, दूधवाला अजून अर्धा लिटर जास्त टाकतो, मी त्याला सांगायचं विसरते. विसरते म्हणजे काय, दार उघडलं की पातेलं पुढे करून मोकळी होते. मेघना ठाण्याहून रोज फोन करते. जेवलीस का, झोपलीस का, गोळी घेतलीस का. तुमची मुलगी शोभते हो, प्रश्न विचारायचे पण उत्तर ऐकायला थांबायचं नाही.

मला सांगायचंय ते तुमच्या झाडाबद्दल. म्हणजे माझ्याबद्दलच, पण झाडावरून सांगितलं तर जरा सोपं जाईल.

आठवतं ना, नायगावची चाळ रिकामी करायची होती तेव्हा आपण दोघं किल्ली द्यायला गेलो होतो. तुमचा जन्म तिथला, तुमच्या आईचं सगळं आयुष्य त्या एका खोलीत गेलं. मला वाटलं, आता तुम्ही भिंतीला हात लावून उभे राहाल, डोळे पुसाल, मग मी काहीतरी बोलीन. तुम्ही सरळ गॅलरीच्या टोकाला गेलात. तिथे सांडपाण्याच्या पाइपामागे भेगेत वडाचं एक रोप आलं होतं, वीतभर उंच, चार पानांचं. खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढलात आणि तासभर ती भेग कोरत बसलात. खालची बायकामाणसं सामान उतरवत होती आणि मी पिशवी धरून उभी. एकजण मला म्हणाली, "काकी, लोक दाराची चौकट नेतात, काका गवत काय नेतायत?" तुम्ही वळूनही बघितलं नाहीत. मुळं ओल्या रुमालात गुंडाळलीत आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसलात, मेघनाला पहिल्यांदा घरी आणताना बसला होतात तसेच अवघडून.

तुमच्या आई गेल्या तेव्हा तुम्ही रडला नव्हतात. पण चाळीची किल्ली दिली त्या संध्याकाळी आपल्या लालबागच्या खिडकीत ते रोप डब्यात लावताना तुमचा आवाज बसला होता. मी सर्दी झाली का विचारलं. तुम्ही हो म्हणालात. मीही ते मानलं, कारण तुम्हाला तसंच हवं होतं.

मग सुरू झाला तो संसार. गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात शिकलेलं आणि गिरणी बंद पडल्यावर जळलेल्या मोटरी-पंख्यांत नवी तार गुंडाळायच्या, रिवाइंडिंगच्या दुकानात तीस वर्षं घासलेलं तुमचं सगळं कसब त्या वीतभर झाडाचं बोन्साय करण्यावर आलं. जळालेल्या पंख्यांची तांब्याची तार घरी आणायची, माझ्या गॅसवर लाल करायची आणि गार झाली की ती मऊ पडते म्हणून मला बोटानं वाकवून दाखवायची. तारेवरचं वॉर्निश जळायचं, त्याचा वास माझ्या आमटीला लागायचा. मी नाक मुरडलं की तुम्ही म्हणायचात, आमटी उद्याही होईल, फांदी उद्या वाकणार नाही. माझ्या पीठ मळायच्या परातीला ड्रिलनं भोकं पाडून तिची कुंडी केलीत. मी शाळेतून दमून आले आणि पाहिलं तर परातीत माती. ऑफिसात दिवसभर हेडमास्तरांचं ऐकून यायचं आणि घरी हे. त्या दिवशी मी बाहेरून पोळ्या मागवल्या आणि तुम्ही मुकाट खाल्ल्यात.

पण तुमचा हात बघत राहावंसं वाटायचं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. फांदीवर तार चढवताना तुम्ही ओठांत फेरे मोजायचात, मोटरच्या कॉइलचे मोजायचात तसे. तार फांदीला टेकेल पण दाबणार नाही. म्हणायचात, बोटभर जागा ठेवायची, फांदीला वाटलं पाहिजे की आपण आपल्या मनानं वळतोय. मी म्हटलं, आपल्या लग्नात असंच केलंत होय. तुम्ही हसला होतात. तो हसण्याचा आवाज मला अजून नेमका आठवतो, आणि एक दिवस आठवणार नाही याची भीती वाटते.

वैशाखात तुम्ही त्याची सगळी पानं कात्रीनं उतरवायचात, नवी पानं लहान यावीत म्हणून. पहिल्या वर्षी मी ते नागवं झाड बघून तुमच्याशी दिवसभर बोलले नाही. चीक गळत होता, तुमच्या बनियनवर त्याचे काळे डाग पडले, ते अजून निघालेले नाहीत. आपलं जुनं भांडण तिथलंच. मी म्हणायची, आभाळाला टेकायचं झाड तुम्ही परातीत कोंडून ठेवलंय, त्याचा शाप लागेल. तुम्ही म्हणायचात, भिंतीत राहिलं असतं तर बुलडोझरखाली गेलं असतं, परातीत निदान सकाळचं ऊन तरी मिळतंय. मी म्हणायची, ऊन मिळतं म्हणून कोंडायचं का. मी हा विषय कधी सोडला नाही. आता वाटतं, तुमचं थोडं खरं होतं. थोडंच हं, सगळं नाही.

मग आली ती वटपौर्णिमा. दरवर्षी शिर्केवहिनी, आपल्या खालच्या मजल्यावरच्या, दादरहून वडाच्या फांद्या आणायच्या आणि त्यातली एक मला द्यायच्या. मी काही फार देवभोळी नव्हे. पण सासूबाईंनी घातलेला पायंडा म्हणून पाटावर ती फांदी ठेवून पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी ती वाळली की कचऱ्यात जायची. तुम्हाला त्याचा भारी राग. एका वर्षी तुम्ही वैतागून म्हणालात की घरात अख्खा वड असताना तोडलेली फांदी कशाला पुजायची, ह्यालाच दोरा बांध. थट्टेत म्हणालात, पण मी तेच धरून बसले.

आता परातीतल्या वडाला प्रदक्षिणा घालायची कशी, हा प्रश्न पडला. खिडकीच्या कट्ट्यामागे कुणाला जाता येणार? तुम्ही जुन्या टेबलफॅनचं बेअरिंग लावून झाडाखाली एक फिरता पाट केला होता, सगळ्या बाजूंना ऊन लागावं म्हणून. तोच कामाला आला. मी सुताची गुंडी धरून उभी आणि तुम्ही झाड फिरवताय. वड माझ्यासमोर सात वेळा फिरला आणि मी जागची हलले नाही. तुम्ही मोठ्यानं फेरे मोजत होतात, दुकानात मशिनवर मोजायचात तसे. शिर्केवहिनी हसून हसून खाली बसल्या. म्हणाल्या, "भावोजी, बायकोचं व्रत तुम्हीच वाइंडिंग करून देताय." त्या वर्षी दोरा परातीच्या काठाभोवती गेला, खोडाला लावायला तुम्ही साफ नकार दिलात. पुढची दोन-तीन वर्षं तसंच चाललं. मग शिर्केवहिनीही फांदी आणेनाशा झाल्या, नैवेद्य घेऊन वरच यायच्या.

गेल्या उन्हाळ्यात तुम्हाला जिना चढवेना. तिसरा मजला तुम्ही दोनदा बसून गाठायचात आणि वर आल्यावर म्हणायचात, रेलिंगचा रंग बघत होतो. मग परळच्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदयाचं पंपिंग फार कमी झालंय, सांभाळून राहायचं. किती दिवस, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. तुम्हाला मी म्हटलं की गोळ्या बदलल्यात, बरं वाटेल. तुम्ही मान डोलावलीत. तुम्हाला सगळं कळलं होतं, आणि तुम्हाला कळलंय हे मलाही कळलं होतं. आपण दोघं घरात एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

त्या वर्षीच्या वटपौर्णिमेला मी सुताची गुंडी घेऊन आले आणि म्हणाले, यंदा परातीला नाही, खोडाला बांधणार. तुम्ही खुर्चीत होतात. तुम्ही नुसतं माझ्या तोंडाकडे पाहिलंत, खुर्ची पुढे ओढलीत आणि पाट फिरवायला लागलात. फेरे मोजलेत, पण पूर्वीसारखे मोठ्यानं नाहीत. मी सूत ताणून धरलं होतं. सैल राहिलं तर काहीतरी निसटेल असं वाटत होतं. सात फेरे झाल्यावर गाठ मारली, हळदकुंकू लावलं, पाट वळवून गाठ खिडकीकडे केली आणि सांगून टाकलं की पुढच्या वटपौर्णिमेपर्यंत या दोऱ्याला कुणी हात लावायचा नाही.

शाळेच्या ऑफिसात पस्तीस वर्षं नोकरी केलेली बाई मी. दाखल्यांवर सह्या तपासायची, उगाच कशावर विश्वास ठेवायचा नाही ही सवय. आणि मला खरंच वाटत होतं की तुमचा जीव त्या दोऱ्यात आहे. तुम्ही हसाल म्हणून बोलले नाही.

पावसाळ्यात झाड तरारलं. गणपतीच्या आधीचे दिवस होते, खाली ढोलांचा सराव चालायचा, खिडकी लावली तरी आवाज यायचा. एका दुपारी तुम्ही चष्मा लावून झाडापाशी बराच वेळ बसून होतात. मग मला हाक मारलीत. खोड जाड होतंय आणि दोरा आत रुततोय, असाच राहिला तर वरचा भाग मरेल, असं शांतपणे समजावून सांगितलंत. कात्री तुमच्या हातात होती. मी ती काढून घेतली.

एवढं कडाक्याचं आपण कधी भांडलो नव्हतो. मी म्हटलं, एक झाड मेलं तर मरू दे. तुम्ही चिडलात की मालवणीवर यायचात. म्हणालात, "त्येच्या नरड्याक फास बसतलो गो. माका कायव होणा नाय." मी म्हटलं, तुम्हाला काही होत नाही ना, मग राहू दे दोरा. तुम्ही म्हणालात, सात वर्षं वाढवलंय मी त्याला. आणि मी म्हणाले, "चाळीस वर्षं मी तुम्हाला सांभाळलंय." दोन दिवस बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेताना पेपरातली कुठली तरी बातमी वाचून दाखवलीत आणि दोऱ्याचा विषय पुन्हा काढला नाहीत.

मला वाटलं, मी जिंकले. पण ते जिंकणं काही गोड लागलं नाही. रोज सकाळी झाडाला पाणी मी घालायची, कारण तुम्हाला तांब्याही जड व्हायला लागला होता. पाणी घालताना मी खिडकीबाहेर बघायची. दोऱ्याकडे बघितलं की तुमचा तो 'फास' शब्द कानात यायचा. तुम्ही समोर खुर्चीत बसलेले, आणि तुमच्या डोळ्यांदेखत तुमचं झाड मी गळा आवळून ठेवलेलं. त्यावर तुम्ही एका शब्दानं बोलत नव्हतात, त्याचंच जास्त लागायचं. एकदा ओरडला असतात तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या सुमाराला शिर्केवहिनी फराळाचं ताट घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, अजून दोरा कसा नवाकोरा पिवळा आहे. मी लांबूनच पाहिलं. खरंच, भर पावसाळा गेला तरी सूत कुजलं नव्हतं, हळदीचा रंगही तसाच. माझ्या छातीवरचं ओझं जरा हललं. मी त्यांना म्हटलं, बघा, चांगली खूण आहे. तुम्ही खुर्चीत होतात, तुम्हाला ठसका लागला. मी पाणी दिलं. त्याच आठवड्यात तुमच्या लेंग्यावर हळदीचे डाग दिसले होते. विचारलं तर म्हणालात, घसा धरला होता, हळद घालून दूध घेतलं. तुम्ही आणि आपल्या हातानं दूध तापवून घेतलंत, यावर मी विश्वास कसा ठेवला देव जाणे.

आणि झाड फिरवू द्यायचा नाहीत मला. पाणी घाल, पण पाट मीच फिरवीन. मी बाहेर गेले की फिरवायचात आणि येऊन पाहावं तर झाड पुन्हा पहिल्यासारखं. मला वाटायचं, आजारी माणसाचा हट्ट, तेवढं एक काम त्यांच्या हातात राहू दे. शेवटी परळला ॲडमिट केलं, तेव्हा नाकाला नळी लावलेली, बोलायला बंदी. तुम्ही खुणेनं मला जवळ बोलावलंत. मला वाटलं आता काहीतरी सांगतील. मी कान तोंडापाशी नेला. म्हणालात, "झाडाक पाणी घाल. फिरवू नको." मला हसूही आलं आणि रागही. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोला सांगायचं शेवटचं वाक्य हेच का, असं मी मनात म्हटलं. मग दोन दिवसांनी ते खरंच शेवटचं ठरलं.

म्हणून मी फिरवलं नाही. दिवसवार झाले, माणसं आली गेली, मेघना पंधरा दिवस राहून गेली. शिर्केवहिनी जवळ बसून हळूच म्हणाल्या की आता तो दोरा ठेवू नये म्हणतात, काढून समुद्रात सोडू या, मी येते बरोबर. चांगल्या मनानं म्हणाल्या त्या. मी हो म्हटलं आणि काढला नाही. काढायला गेले की खालचं खोड दिसणार. तुमच्या सात वर्षांच्या मेहनतीचं मी काय करून ठेवलंय ते दिसणार. आणि ज्यासाठी ते केलं, तेही राहिलं नाही. दोरा तसाच होता आणि तुम्ही नव्हता. मी कुणाकुणाची अपराधी होते हेच मला कळत नव्हतं.

चैत्र लागला तशी नवी पालवी फुटली. लालसर, चकचकीत, तुम्हाला आवडायची तशी. पण सगळी खिडकीच्या बाजूला. घराकडची बाजू भुंडी पडली आणि अख्खं झाड बाहेर झुकलं. मेघनानं व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि म्हणाली, "आई, बाबांचं झाड पडेल एक दिवस. फिरव की जरा." मी म्हटलं, बाबांनी नको सांगितलंय. ती म्हणाली, "बाबांनी झाड मारायला सांगितलं असेल का गं?"

काल सकाळी आंघोळ करून मी कट्ट्यापाशी गेले. एक हात परातीला, एक झाडाला लावला, म्हटलं, माफ करा हं, आणि पाट अर्धा फिरवला.

मागची बाजू मी आठ-नऊ महिन्यांत पहिल्यांदा बघत होते. तिथे माझी गाठ नव्हती. सातही फेरे नीट कापलेले, टोकं एकत्र जुळवलेली आणि केसाएवढ्या तांब्याच्या तारेचा आकडा करून त्यात अडकवलेली. तो आकडा उघडतो, मिटतो. रिवाइंडिंगवाल्याशिवाय असा जोड कुणाला जमणार नाही. मी दोरा बोटानं उचलून बघितला. तो खोडाला लागतच नव्हता, माझं बोट आत सहज गेलं. खाली सालीवर एक फिकट वळ होता, बहुतेक भरून आलेला.

मी तिथेच खुर्चीत बसले, तुमच्या. मग उठून तुमची वही काढली, लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानातली. पुढून तिच्यात मोटरी, पंखे, तारेचे गेज, फेरे. मागून झाड. तुम्ही काय लिहायचात ते मी कधी वाचलं नव्हतं, सगळे आकडेच असतील म्हणून. तुमचं अक्षर शेवटी शेवटी किती हललंय हो.

गणपतीच्या दोन दिवस आधीची नोंद आहे. म्हणजे आपण बोलत नव्हतो तेव्हाची. 'दोरा मागून कापला. वळ उठला आहे, भरून येईल. तारेनं जोडला. तिला कळू देऊ नये. तिचा जीव आहे त्यात.'

पुढे दोन ठिकाणी 'दोरा सैल केला' एवढंच. मग दिवाळीच्या आधीची. 'दोरा कुजला. देव्हाऱ्यातल्या गुंडीचं सूत घेतलं. सात फेरे. बोटभर सैल. हळद लावली.'

हे वाचून मला काय झालं ते कसं सांगू? आधी हसूच फुटलं. तुम्ही, देवाला हात जोडताना एक डोळा पंख्याकडे ठेवणारे, मी भाजी आणायला खाली गेले असताना देव्हाऱ्यासमोर वाकून सूत चोरताय. दम लागलेला असताना एका हातानं पाट फिरवताय आणि ओठांत सात मोजताय. वटपौर्णिमेचा दोरा स्वतःच्या आयुष्यासाठी स्वतः गुंडाळणारा नवरा मी दुसरा ऐकलेला नाही. शिर्केवहिनींना सांगितलं तर पुन्हा खाली बसतील.

आणि मग रडले. तुम्ही गेल्यापासून अशी रडले नव्हते. पाच-सहा महिने मला वाटत होतं की मी तुम्हाला रोज छळतेय, आणि तुम्ही त्या खुर्चीत बसून फक्त एवढंच बघत होतात की माझा दोरा पिवळा राहतोय ना. झाडही राखलंत आणि मलाही. मला एकदा सांगितलं असतंत तर? तर मी भांडले असते, माहितेय. दोरा कापला म्हणून प्रत्येक ठसक्याला घाबरले असते. तुम्ही मला ओळखून होतात. पण अहो, तुम्ही गेल्यावर दीड महिना मी त्या दोऱ्याकडे बघून जे भोगलं त्याचा विचार केला नाहीत, एवढी तुमची चूक आहे. ती मी सोडणार नाही. भेटाल तेव्हा याच्यावर बोलू.

म्हणजे तुम्ही केला होतात, विचार. ते पुढचं पान उलटल्यावर कळलं. शेवटची नोंद परळला जायच्या आदल्या दिवशीची आहे, पेन्सिलीनं. 'चैत्रात खोड फुगेल. तेव्हा दोरा सैल करावा लागेल. तेव्हा तिला सांगणे.'

कागदावर पेन्सिलीचं टोक दोनदा टेकवल्यासारखं दिसतं, पुढे आणखी काही लिहायचं होतं असं. काय होतं ते मला ठाऊक नाही.

शिर्केवहिनींना मी सांगितलंय की दोरा समुद्रात जाणार नाही. येत्या वटपौर्णिमेला बायका वर आल्या तर येऊ देत, मी पाट फिरवीन त्यांच्यासाठी, पण सूत परातीला बांधायचं. झाड आता रोज थोडं फिरवणार आहे, भुंड्या बाजूला कालच पालवीचे दोन डोळे दिसले. मंडळाच्या कागदात 'कार्य' रकान्यात मी लिहिलंय, पंखे दुरुस्त केले आणि एक वड वाढवला. त्यांना ते कमी वाटेल.

आज सकाळी तुमचा चष्मा लावला, मला तो बारीक आकडा दिसेना म्हणून. दोनदा तार निसटली, तिसऱ्यांदा जमलं. मग वही घेतली, तुमच्या पेन्सिलीनं तुमच्या नोंदीच्या खाली लिहिलं:

चैत्र. दोरा सैल केला, बोटभर. तिला कळलं.